जुन्या मोटारींचे पत्राकाम

जुन्या मोटारींचे पत्राकाम म्हणजे उत्पादन बंद झालेल्या मोटारीच्या सांगाड्याचे गंजलेले भाग पोलादी पत्र्यापासून हाताने पुन्हा घडविण्याची कारागिरी होय. हे काम करणाऱ्या कारागिरास गॅरेजमध्ये डेंटर म्हणतात.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात फियाट ११०० ही मोटार तयार होत असे. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखान्यात पत्र्याचे भाग दाबयंत्रावरील साच्यांत घडविले जात. उत्पादन थांबल्यानंतर नवे भाग मिळणे दुर्मीळ झाले. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत दरवाज्यांखालील पट्टी व चाकांवरील कमानी प्रथम गंजतात. पद्मिनीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. त्यामुळे तेथील गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

कृती

गाडीची दुसरी बाजू शाबूत असल्यास तिच्यावरून पुठ्ठ्याचा नमुना काढून तो उलटा वापरतात. मूळ पत्र्याच्या जाडीचा पत्रा कातरीने कापला जातो. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकल्यास पत्रा पसरून फुगीर होतो. कडेला चुण्या पाडून त्या ठोकून बसविल्यास तो आकसतो. सतत ठोकण्याने पत्रा कडक होतो, म्हणून त्यास मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. शेवटी मागे डॉली धरून हातोडीने पृष्ठभाग गुळगुळीत करतात.

दरवाज्यांखालील पट्टी कापण्यापूर्वी सांगाड्यास आतून आधार देतात. अन्यथा तो वाकून दरवाजे नीट बसत नाहीत. वेल्डिंग करताना दूरदूर टाके घालतात, कारण सलग उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. पत्र्यावर पत्रा चढविल्यास फटीत पाणी साचून पुन्हा गंज धरतो. म्हणून कडेला कड भिडवून केलेला जोड श्रेयस्कर मानतात. पुट्टीच्या जाड थराने दोष झाकता येतो, परंतु सांगाड्याची ताकद परत येत नाही.

कायदेशीर बाजू

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी ती मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि चासी, सांगाडा वा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९७४ च्या पद्मिनींनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. त्यामुळे घडविलेला भाग मूळ आकार व जाडीशी जुळणे केवळ सौंदर्यासाठी नव्हे, तर नोंदणीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.