बॉल बदलण्याआधी लेन वाचा

सकाळच्या गेममध्ये लागोपाठ तीन स्ट्राइक. संध्याकाळी त्याच लेनवर तोच मुलगा, तोच बॉल, तोच हात. पण बॉल लवकर वळतो आणि पहिल्या पिनच्या पलीकडे निघून जातो. मागून कुणीतरी म्हणतं, "लक्ष कुठंय तुझं?" बऱ्याचदा लक्ष जागेवरच असतं. मधल्या तासांत लेन बदललेली असते.

घरी कॅरम खेळताना आपण पावडर टाकतो. पावडर असेल तिथे स्ट्रायकर सुळकन जातो, नसेल तिथे अडखळतो. टेनपिन बोलिंगमध्ये हेच काम तेल करतं. फरक इतकाच, की हे तेल डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

फाउल लाइनपासून पहिली पिन 60 फुटांवर असते. त्यातल्या साधारण पहिल्या 40 फुटांवर यंत्राने तेल पसरलेलं असतं; पुढचा भाग कोरडा. मनोरंजनासाठीच्या लेनवर सहसा मध्ये तेल जास्त आणि दोन्ही कडांना कमी असतं. स्पर्धेत मात्र ते बरंच सारखं पसरलेलं असू शकतं आणि तिथे छोटी चूकही महागात पडते. फिरकी दिलेला बॉल तेलावर घसरतो, कोरड्या भागात पकड मिळाली की वळतो आणि शेवटी सरळ गडगडत पिनांवर जातो. खेळ चालू असताना प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो. म्हणून सकाळी बरोबर वाटणारी रेषा संध्याकाळी चुकीची ठरते.

आता बॉलकडे वळू. दुकानात नजर आधी रंगावर जाते, मग वजनावर. वजनाची कमाल मर्यादा 16 पौंड आहे, पण आपल्याला शेवटच्या फ्रेमपर्यंत सहज पेलेल तेच वजन घ्यावं. बॉल किती वळणार हे मुख्यतः ठरतं ते बाहेरच्या आवरणावरून.

प्लॅस्टिकचा बॉल सगळ्यात कमी वळतो. अ‍ॅलीत ठेवलेले बॉल बहुतेक याच प्रकारचे असतात. कोपऱ्यात एकटी उरलेली पिन पाडायला तो उत्तम, कारण तेल असो वा नसो, तो सरळ जातो. 1980च्या दशकात आलेला युरेथेनचा बॉल हळूहळू, अंदाज बांधता येईल असा वळतो. तेलाचा पट्टा आखूड असेल तेव्हा तो हाताशी असावा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या बॉलला बारीक छिद्रं असतात. तो तेल शोषतो आणि कोरड्या भागात जोरात वळतो. त्यातही खरखरीत, मंद दिसणारा बॉल जास्त तेलावर लवकर पकड घेतो, तर चकचकीत पॉलिश केलेला कमी तेलावर पुढेपर्यंत घसरतो आणि उशिरा वळतो. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल प्रत्येक फेकीनंतर टॉवेलने पुसायचा. नाहीतर शोषलेल्या तेलाने त्याचं वळण मंदावत जातं.

मग लेन वाचायची कशी? सरावाचे पहिले चार-पाच बॉल पिनांसाठी नव्हे, माहितीसाठी टाका. बॉल कुठे वळायला लागतो ते पाहा. तेलाच्या पट्ट्याची लांबी माहीत असेल तर एक ढोबळ हिशोब आहे: लांबीतून 31 वजा करा. लेनवर 39 फळ्या असतात. तेल 40 फुटांचं असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल वळण घेताना उजवीकडून साधारण नवव्या फळीवर असावा.

बॉल पहिल्या पिनच्या डावीकडे जात असेल तर पाय डावीकडे सरकवा, उजवीकडे राहत असेल तर उजवीकडे. चूक ज्या बाजूला, पाय त्याच बाजूला. दोन-तीनदा सरकूनही जमलं नाही, तरच बॉल बदला: लवकर वळत असेल तर सौम्य घ्या, वळतच नसेल तर जास्त पकडीचा.

पहिला स्वतःचा बॉल घेताना बरीच मुलं सगळ्यात जोरात वळणारा, म्हणजे बहुधा सगळ्यात महागडा, मागतात. तो कोरड्या लेनवर आवरत नाही आणि घरचे पैसे कपाटात पडून राहतात. आधी हाताच्या मापाने बोटांची छिद्रं पाडून घ्या. मध्यम वळणाचा एक रिअ‍ॅक्टिव्ह आणि स्पेअरसाठी एक साधा प्लॅस्टिकचा, एवढी जोडी पुष्कळ दिवस पुरते.

आणि आईबाबा, पुढच्या वेळी बॉल चुकला तर "लक्ष कुठंय?" असं विचारू नका. "बॉल कुठे वळला?" असं विचारा. त्याचं उत्तर मुलाला देता आलं, तर पुढचा बॉल कुठून टाकायचा हे त्याचं त्यालाच कळेल.