बोअर सारखा असला तरी स्लाइड बसेलच असं नाही

लग्नसराई संपली की बँडवाले वाद्यं दुरुस्तीला काढतात. एखाद्या ट्रम्पेटच्या लीडपाइपवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर, गुलाबी डाग उठलेले असतात, एखाद्याची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायला मागे-पुढे सरकणारी वाकडी नळी, अडकलेली असते. मग सुट्या भागांचा शोध सुरू होतो: मेरठच्या जली कोठीत, मुंबईत धोबी तलावला, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या मोडक्या ट्रम्पेटमध्ये. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बोअर सारखा आहे, बसेल." चांगली वाद्यं या वाक्यामुळे बिघडतात. निदान वाळूजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तरी ते चालू नये. इथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, भोवती सुटे भाग करणारे वर्कशॉप उभे राहिले, आणि शतांश मिलिमीटरच्या चुकीने माल रिजेक्ट होतो हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. हीच पोरं सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवतात तेव्हा मात्र व्हर्निअर कारखान्यातच राहतो.

बोअर म्हणजे पिस्टनजवळच्या नळीचा आतला व्यास. बाख स्ट्रॅडिव्हेरियस ३७ चा तो ०.४५९ इंच, म्हणजे ११.६६ मिमी, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांचा ११.६५. कागदावर दोन्ही एकच. पण स्लाइड सरकते ती नळीच्या बाहेरच्या व्यासावर, आणि तो पत्र्याच्या जाडीने ठरतो. जाडीत पाच शतांशाचा फरक म्हणजे बाहेरच्या व्यासात दहा शतांशाचा. एवढ्याने स्लाइड आत जाणार नाही, किंवा गेली तर खुळखुळेल आणि हवा सोडेल. दुसरं, स्लाइडच्या दोन पायांमधलं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं. ते हाताने दाबून जुळवणारे मी पाहिले आहेत. असे पाय समांतर राहत नाहीत आणि स्लाइड अर्ध्यावर अडकते. दहा मिलिमीटरचा बोल्ट दहाच्याच नटात का जात नाही, हे फिटरला विचारा. आटे दीडचे की सव्वाचे, हे तो आधी बघेल.

याहून मोठी गफलत उलट्या लीडपाइपची. नेहमीच्या ट्रम्पेटमध्ये लीडपाइपच्या पुढे एक बाहेरची नळी असते आणि स्लाइडचा वरचा पाय तिच्या आत शिरतो. उलट्या रचनेत तोच पाय लीडपाइपच्या बाहेरून, तिच्यावर चढतो. म्हणजे उलटी लीडपाइप घेतली की तिच्या जोडीची स्लाइडही घ्यावीच लागते. जुनी कितीही चांगली असो, चालत नाही. शिवाय काही ट्रम्पेटमध्ये वरच्या आणि खालच्या पायाचा आतला व्यास मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. म्हणून लीडपाइप आणि ट्यूनिंग स्लाइड ही जोडी आहे असं धरूनच खरेदी करावी.

"पितळी नळीच तर आहे, लेथवर करून घेऊ," हाही समज इथे सहज होतो. लीडपाइप सरळ नळी नसते. माउथपीसच्या बाजूला तिचा आतला व्यास ८.८ मिमीच्या आसपास असतो आणि साधारण वीत-सव्वा वीत लांबीत तो बोअरइतका होतो. हा उतार पोलादी मँड्रेलवर, म्हणजे आतल्या साच्याच्या दांड्यावर, पातळ नळी ओढून आणतात. मँड्रेल घासून देणारा कारागीर वाळूजमध्ये नक्की मिळेल, पण कोणत्या ठिकाणी किती व्यास हवा, ते माप हातात नसेल तर त्याचं कौशल्य वाया जाईल.

आणि स्वर त्या उतारावरही अवलंबून असतो. एका टोकाला ओठांनी बंद असलेली नुसती सरळ नळी फक्त विषम पटींचे स्वर देते. माउथपीस, लीडपाइपचा उतार आणि पुढचा भोंगा हे तिन्ही मिळून ते स्वर सरकवतात, तेव्हा कुठे ट्रम्पेटची ओळखीची स्वरमालिका तयार होते. त्यामुळे लीडपाइप बदलली की काही स्वर वर जातात, काही खाली, सगळे सारखे हलत नाहीत. स्लाइड ओढली की मात्र सगळंच वाद्य उतरतं. एकच स्वर बेसूर लागत असेल तर स्लाइड ओढून उपयोग नाही, आणि सगळंच वाद्य चढं लागत असेल तर लीडपाइपवर पैसे घालून उपयोग नाही.

मे महिन्यातली वरात आठवा. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर, आणि वाद्य चढतं. नळीतली हवा २० अंशांवरून ४० वर गेली तर स्वर अर्ध्या सेमिटोनहून थोडा जास्तच चढेल. फुंकीची ऊब नळीत आधीपासून असते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. स्लाइड एक मिलिमीटर ओढली की नळी दोन मिलिमीटर वाढते, कारण पाय दोन आहेत. बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या नळीची एकूण लांबी सुमारे १४८ सेंटिमीटर, तेव्हा दुपारच्या उन्हात स्लाइड एक-दोन सेंटिमीटर जास्त बाहेर दिसली तर ती बिघडलेली नाही.

चांदीच्या नळीने आवाज गोड होतो, जाड नळीने भारदस्त होतो, अशी खात्री देणारे विक्रेते भेटतात. आवाज घडतो तो आतल्या हवेच्या आकाराने. धातूचा वाटा त्यापुढे फार लहान. 'अलबेला' चित्रपटासाठी (१९५१) पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखा सूर हवा असेल तर आधी ओठ आणि श्वास. धातूचा खरा फरक टिकाऊपणात आहे. लाळेमुळे पितळातलं जस्त आतून झिजतं, तेच गुलाबी डाग. ते बाहेरून पॉलिश केल्याने जात नाहीत. तांबं जास्त असलेलं, म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपासचं पितळ या झिजेला जास्त तोंड देतं.

नवी जोडी घेण्याआधी पाणी काढायच्या चावीचं बूच बदलून पाहा. ते गळत असेल तर वाद्य कोंदट वाजतं आणि दोष लीडपाइपवर येतो. पाइप बदलायचीच ठरली तर कारागिराला डाग कथिलाच्या सोल्डरनेच द्यायला सांगा. ते साधारण २०० अंशांच्या आसपास वितळतं. ब्रेझिंगला सहाशेच्या वर उष्णता लागते आणि पितळ मऊ पडतं. जुनी लीडपाइप भंगारात देऊ नका. तिची लांबी, दोन्ही टोकांचे आतले-बाहेरचे व्यास, स्लाइडच्या पायांमधलं अंतर, रचना सरळ की उलटी, हे सगळं लिहून काढा आणि तोच कागद विक्रेत्याला पाठवा.