सात हंगामांनंतरचा पट

गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये दोन पोरं एकाच मोबाईलवर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघत होती. जोडी सुटली की दोघांचे पाय डब्याच्या फरशीवर आपटायचे. या वयाची पोरं फोनवर बंदुकीचे खेळ खेळतात, तेवढंच मला ठाऊक होतं. ती बैलांसाठी इतकी बेभान झालेली बघून राहवेना, म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका पटावर गेलो.

धानाच्या कापलेल्या बांध्यांतून वाट होती. पहाटे पाणी मारून, रोलर फिरवून दोन धावपट्ट्या शेजारीशेजारी तयार केल्या होत्या. कडेला बांबूचं कुंपण आणि त्यामागे माणूसच माणूस. लाखोरीच्या डाळीचे वडे तळल्याचा वास दिवसभर अंगावर बसला होता. मी मात्र फिरून फिरून घड्याळवाल्याच्या टेबलाशीच येत होतो. पन्नाशीचा माणूस, गळ्यात दुपट्टा, पुढ्यात वायरींचा गुंता. जोडी सुरुवातीची रेषा ओलांडते तेव्हा लाल आकडे पळू लागतात आणि शेवटच्या रेषेवर थांबतात. सेकंद, मग टिंब, मग पुढचे दोन आकडे. ते आकडे थांबेपर्यंत हजारो माणसं श्वास धरून असतात.

"झेंडी होती तवा हरलेला पंचाले शिव्या द्यायचा," तो म्हणाला. "आता घड्याळाकडे पाहते अन् मुकाट्यानं जोडी घेऊन जाते."

पंचावर विश्वास नसला तर कुठल्याच खेळाचा प्रेक्षक टिकत नाही. पण प्रेक्षक मुळात परत आला कसा, हे विचारल्यावर घड्याळवाला एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "सात हंगाम गेले ना जी. सात! ज्याले तवा चालता येत नव्हतं, त्या पोरानं पट पाहिलाच नाही."

हिशेब बरोबर आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, तरी गाडं कोर्टातच अडकलं. 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं कायदा उचलून धरला. त्याच मे महिन्यात पोरांचा लाडका बीजीएमआय हा मोबाईल गेमही बंदीतून सुटला. तो गेम पोरांनी पुन्हा डाउनलोड केला की झालं. पटाचं तसं नव्हतं. सात हंगामांत धावते बैल म्हातारे झाले, गोऱ्हे कुणी फिरवले नाहीत, कुठे गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला. धुरकऱ्याचा हात कासऱ्यावर बसायलाही वर्षं लागतात. दिवसाचा पट गेला तशी रात्रीच्या झाडीपट्टी नाटकांचीही हक्काची गर्दी आटली, कारण पटाचे पाहुणे मुक्कामाला राहूनच नाटक बघत.

गर्दी परत आणली ती या पाहुण्यांनीच, असं माझं मत झालं. पट भरला की लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी निघतात, वडशाच्या कंपनीचं नाटक रात्री दहाला उभं राहून पहाटेपर्यंत चालतं. बैलांत फारसा रस नसलेल्या बाईलाही त्या दिवशी माहेरी यायचं असतं. कुंपणाच्या एका बाजूला बायकांसाठी वेगळी बैठक होती आणि ती दुपारी बारालाच भरली.

बैलांबद्दलची शंका मनात होतीच. चाबूक नको, खिळ्याची तुतारी नको, विजेचा झटका नको, डॉक्टरांचा दाखला हवा असे नियम आहेत. मी मुद्दाम बैलांच्या पाठी बघत हिंडलो. एका बैलाचे मागचे पाय थरथरत होते. डॉक्टरांनी ती जोडी परत पाठवली, तेव्हा मालक बराच वेळ तणतणत राहिला. डॉक्टर हलले नाहीत, याचा मला फार आनंद झाला. खेळाला पुन्हा घरघर लावायची असेल तर असा एक थरथरता बैल दामटला तरी पुरे.

दुपारभर मोठ्या गटात लांबलांबच्या जोड्या धावल्या. त्यांतले बैल टेम्पोतून आले होते, त्यांच्या किमती लाखांत सांगितल्या जात होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. पण उन्हं उतरल्यावर गाव गट सुटला आणि सगळी गर्दी उठून उभी राहिली. आरोळ्या बैलांच्या नावानं होत्या, मालकांच्या नावानं होत्या, कुणाच्या आजोबांच्या नावानंही होत्या. नांगराच्या त्या जोड्यांना मोठ्या गटापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि घड्याळवाला प्रत्येक आकडा उभं राहून ओरडत होता.

"इनाम वाढते तसा गावचा माणूस मागं सरते," वायरी गुंडाळताना तो म्हणाला. "अजून सात हंगाम असंच चाललं, तर घरची जोडी कोण आणंल इथं?"

मंडपात समितीची बैठक बसली होती. पुढच्या साली पहिल्या नंबराला मोटारसायकल ठेवावी असा तरुणांचा आग्रह होता. दोन म्हातारे त्याच वर्गणीतून गाव गटाची बक्षिसं वाढवा म्हणून अडून बसले होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हाताऱ्यांच्या बाजूनं बोललो. निर्णय काही झाला नाही. नाटकाची पहिली घंटा झाली आणि समिती तिकीटखिडकी सांभाळायला पळाली.