साखर मोजली, मनाचं काय?

पेण किंवा रोह्याच्या दवाखान्यात मधुमेहाची बाई फेरतपासणीला येते. रिपोर्टमध्ये साखर वाढलेली असली की पुढची बोलणी ठरलेली असतात. गोळ्या चुकवता का? भात किती खाता? चालायला जाता का? ती मान खाली घालून ऐकते. घरी मुलगा म्हणतो, "आई, तू स्वतःकडे लक्षच देत नाहीस." हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण गेले दोन आठवडे कशात जीव लागतोय का, हे तिला कुणीच विचारत नाही.

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जवळपास दुपटीने आढळतं, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात. मन खचलं की झोप उडते, शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि त्यांच्यामुळे साखर चढते. उठून गोळी घेण्याचीही उमेद उरत नाही. साखर चढली की थकवा येतो, रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, पाय जळजळतात, आणि मन आणखी खचतं. अशा बाईच्या कागदावर 'निष्काळजी' असा शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं. तिला जे जमत नाही, तेच तिच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

त्यात इथली कामं. पेणच्या गणपती कारखान्यांत आषाढ-श्रावणात रंगकाम उरकायचं असतं. तासन्‌तास एका बैठकीत काम चालतं, जेवणाची वेळ टळते. पापड लाटणाऱ्यांचंही तेच. रोह्याकडे लावणीला बाया अनवाणी चिखलात उतरतात. मधुमेहाने तळपायाची जाणीव बोथट झाली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही. धाटावच्या कारखान्यात नवऱ्याची पाळी बदलली की घरातलं रांधणंही बदलतं, आणि ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. 'वेळेवर जेवा' हा सल्ला या घरात कसा पाळायचा, हे तिच्याशी बोलूनच ठरवावं लागेल.

उपासांचं तर नीट समजून घ्यायला हवं. हरतालिका, नवरात्र कडक धरायचं आणि सकाळची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं, यात साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. त्याला 'टेन्शन' समजून ती पडून राहते. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर लगेच मोजावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. उपासाआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस बदलून घ्यावा. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली की तीच साखर उंच जाते, हेही लक्षात ठेवावं.

मधुमेह आणि नैराश्य या दोन्ही आजारांवर एकत्र उपचार केले तर फरक पडतो, हे भारतातच तपासलं गेलं आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टण इथल्या चार केंद्रांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाच्या पाठपुराव्याला प्रशिक्षित समन्वयक होते. ते रुग्णाशी नियमित बोलत, आणि तज्ज्ञ वेळोवेळी प्रकरणं पाहत. दोन वर्षांनी नैराश्याची लक्षणं निम्म्याने कमी होणं आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारणं, हे या गटात ७१.६ टक्क्यांना साधलं, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्क्यांना. हा समन्वयक डॉक्टर असण्याची गरज नव्हती. आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या बायकांची मधुमेहासाठी माहिती घेतातच. त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला देऊन हेही काम सोपवता येईल असं मला ठामपणे वाटतं.

घरी काय करायचं? मन खचलेलं असताना रोज तासभर चालायचा संकल्प टिकत नाही. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं, तीही शेजारणीला सोबत घेऊन, एवढंच ठरवावं. उमेद येण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी करायची. मन बहुधा मागून येतं. रात्री तळपाय पाहण्याचं काम मुलाकडे किंवा सुनेकडे द्यावं. एखाद्या दिवशी गोळी राहिली, गोड खाल्लं, तर पुढचा आठवडा अपराधीपणात घालवू नये. थकवा सतत असेल तर थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावं; मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, आवडीच्या कामातही रस उरला नसेल, तर साखरेच्या डॉक्टरांनाच ते स्पष्ट सांगावं आणि मानसोपचाराची चिठ्ठी मागावी. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणं लगेच जमत नसेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी हा फोन करावा. तिला स्वतःला बोलवत नसेल तर घरच्या कुणीही लावला तरी चालतो.