तीन आवाज आणि एक चूक

टीव्हीला जोडून कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलाय कधी? नसेल, तर घरातल्या दादाला-ताईला विचारा. त्यातलं संगीत त्यांना आजही गुणगुणता येईल. गंमत म्हणजे ते रेकॉर्ड केलेलं गाणं नसायचंच. मशीनमधली चिप ते तिथल्या तिथे वाजवायची!

अशा चिप्समधली एक गाजलेली चिप म्हणजे 'सिड'. १९८२ साली अमेरिकेत आलेल्या 'कमोडोर ६४' या कॉम्प्युटरमध्ये ती होती. ती बनवली बॉब यानेस या इंजिनीअरने. नुसतं बीप-बीप करणारी चिप त्याला नको होती. सिंथेसायझरसारखं वाद्य हवं होतं.

पण आवाज किती? एका वेळी फक्त तीन. मेलडी, बेस आणि ड्रम यांतच संपले की! मग कॉर्ड कशी वाजवायची? रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे अशा ब्रिटिश संगीतकारांनी जुगाड वापरला. कॉर्डमधले सूर एकाच आवाजावर, सेकंदाला ५० वेळा आलटून पालटून वाजवायचे. वेग इतका, की कानाला ते एकत्रच वाटतात. या संगीताची ती खास थरथर इथूनच आली.

पुढची गोष्ट त्याहून भारी. चिपमध्ये एक दोष होता. व्हॉल्यूम बदलला की 'टक्' असा आवाज यायचा. दुसरं कुणी वैतागलं असतं. यांनी व्हॉल्यूमच्या १६ पायऱ्या सेकंदाला हजारो वेळा वर-खाली केल्या आणि त्या 'टक्-टक्'मधूनच ड्रम वाजवले. चौथा आवाज, तोही फुकटात! गॉलवेचं १९८७ मधलं 'आर्केनॉइड'चं संगीत ऐका, कळेल.

मग चिपची नवी आवृत्ती आली. दोष जवळपास गेला आणि त्याच्याबरोबर ते ड्रमही एकदम मंद झाले. घ्या! शेवटी लोकांनी एक रेझिस्टर सोल्डर करून ती जुनी चूक परत आणली.

१९९४ मध्ये कमोडोर कंपनी बुडाली. मूळ चिप आता बनत नाही, जुन्या एकेक करून बंद पडताहेत. सॉफ्टवेअरमध्ये तिची नक्कल करणारे तिच्या चुकांचीही नक्कल करतात. चूक काढली, तर तो आवाज 'सिड'चा राहतच नाही.

तेव्हा 'भारी लॅपटॉप नाही, चांगला माइक नाही' म्हणून तुमचं गाणं अडलं असेल, तर हे तीन आवाज आठवा. हाताशी आहे ते आधी पुरतं वापरून पाहिलंत का?