जंगलाचा हिशेब – लेखांक 6 : आयुष्यात एकदाच

गेल्या आठवड्यात आपण चंदन आणि सागवानाच्या लिलावापर्यंत आलो होतो. आज जंगलातला सगळ्यात महाग माल घेऊ, मोठ्या जनावराची शिकार. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ती बंद आहे, मग तिचे दर कशाला काढायचे, असं कुणी विचारेल. कारण सोपं आहे. बंगळुरूतल्या नोकरदार घरात आज ‘आयुष्यात एकदा तरी’ म्हणून कबिनीच्या किंवा मसाई माराच्या सहलीचं बिल भरलं जातं, ते शिकारीच्या जुन्या बिलावर बेतलेलं आहे. बंदूक गेली आणि कॅमेरा आला, आकडेमोड तीच राहिली.

आधी मूळ बिल बघू. आफ्रिकेत सिंह मारायला जाणाऱ्या परदेशी शिकाऱ्याला पहिला खर्च लागतो तो दिवसाचा. तंबू, जेवण, गाडी, वाटाड्या आणि सोबतचा व्यावसायिक शिकारी असा सगळा मिळून रोजचा दर. टांझानियात सिंह, हत्ती, बिबट्या हवा असेल तर 21 दिवसांचा परवाना काढण्याचा नियम होता, त्यामुळे सिंह दुसऱ्याच दिवशी समोर आला तरी दिवस कमी होत नसत. त्यावर परवान्याची फी. जनावर पडलं तर त्याची वेगळी फी, जातीनुसार ठरलेली. मग कातडं साफ करून, खारवून, पेटीत भरून पाठवणं, भुसा भरून घेणं, कागदपत्रं, बक्षिसी. 2015मध्ये झिंबाब्वेत ‘सेसिल’ नावाचा सिंह मारणाऱ्या अमेरिकी दंतवैद्याने सुमारे 50 हजार डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, ते सगळं या गोळाबेरजेत येतं. गोळी त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू.

हे दर चढतच का जातात? महागाई, डिझेल, विमानाची तिकिटं ही कारणं आहेतच, पण ती किरकोळ. खरं कारण म्हणजे जागा आणि परवाने दोन्ही आटत गेले. केनियाने 1977मध्ये शिकार बंद केली. बोट्स्वानाने 2014मध्ये केली आणि 2019मध्ये पुन्हा उघडली. सेसिलच्या प्रकरणानंतर अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंड्यांची मुंडकी-कातडी नेणंच नाकारलं. गिऱ्हाईक मात्र तितकंच, किंबहुना जास्त श्रीमंत. मग उरलेल्या परवान्यांचा लिलाव होतो. नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याचा परवाना जानेवारी 2014मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला साडेतीन लाख डॉलरला गेला, तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांच्या वर. एवढ्या पैशात त्या माणसाने विकत काय घेतलं? एक कागद. बाकी खर्च वेगळा.

आपल्याकडेही हा धंदा होता आणि त्याचं एक ठाणं नागपूरला होतं, हे आता फार कुणाला आठवत नाही. पुढे केंद्रात मंत्री झालेले आणि आणीबाणीत माहिती-प्रसारण खातं सांभाळल्यामुळे गाजलेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून 1951मध्ये पदवी घेतली, आणि नंतर ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी काढली. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात शिकारीला आणि फोटो काढायला नेणं हा तिचा व्यवसाय. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि जंगल अगदी दाराशी. अशा कंपन्या वनखात्याकडून ब्लॉक घेत. ठरलेल्या दिवसांसाठी जंगलाचा एक तुकडा, आणि परवान्यावर कोणतं जनावर किती मारायचं ते लिहिलेलं. मचाण बांधणं, आमिषाला हेला बांधणं, हाका घालायला गावकरी गोळा करणं हे सगळं कंपनी बघे. हाकेकऱ्यांच्या मजुरीची तपशीलवार नोंद पाहायला मिळाली तर मला फार आवडेल, कारण पाहुण्याच्या बिलातला सगळ्यात धोक्याचा आणि सगळ्यात स्वस्त भाग तोच असणार.

देशाला डॉलरची चणचण होती, त्यामुळे सरकारचाही या पाहुण्यांवर लोभ होता. 1969मध्ये दिल्लीत निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि वाघ संकटात असल्याचं तिथे ठरलं. 1970मध्ये वाघाच्या शिकारीला बंदी आली. पुढच्या मोजणीत देशभरात 1,800च्या आसपासच वाघ निघाले. 1 एप्रिल 1973ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात पहिल्याच यादीत आपला मेळघाट आणि इकडचा बंडीपूर. शिकारी कंपन्यांची दुकानं मिटली. म्हैसूरची ‘व्हॅन इंगेन’ ही जनावरांत भुसा भरणारी पेढी मात्र 1999पर्यंत तग धरून होती. तिथली वाघाची मुंडकी जगभरच्या दिवाणखान्यांत टांगलेली आहेत.

सगळेच शिकारी असे पैसेवाले नव्हते. बंगळुरूचे केनेथ अँडरसन विमान कारखान्यात नोकरीला होते. रजा टाकायची, जुनी स्टुडबेकर काढायची आणि होसूरपलीकडच्या जवळगिरी, अंचेट्टीच्या रानात उतरायचं, हा त्यांचा शिरस्ता. नोकरदाराच्या खिशाला परवडेल अशी ती शिकार होती. त्याच वाटेवर आज वीकेंडची वाहतूक तुंबलेली असते, आणि जंगलात उतरायचं म्हटलं तर पदोपदी पावती.

कर्नाटकात बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या काळाचा एक मराठी दुवा आहे, संडूरचे घोरपडे. बळ्ळारीजवळचं हे मराठ्यांचं संस्थान. त्या घराण्यातले एम. वाय. घोरपडे मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते आणि जंगलात तासन्‌तास बसून कृष्णधवल फोटो काढत. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचं पुस्तक 1983चं. राज्याचा अर्थसंकल्प मांडणारा माणूस रानात कॅमेरा घेऊन बसतो, हे मला आजच्या मंत्र्यांकडे बघताना उगाच आठवतं. पण एक खरं की असा छंद तेव्हाही राजघराण्यालाच परवडत असे. आज लांब पल्ल्याची चांगली लेन्स दहा लाखांच्या वर जाते आणि ती घेणारे आपल्याच सोसायटीत राहतात.

आता कबिनी. म्हैसूरच्या महाराजांचं हे शिकारीचं रान, व्हाइसरॉयपर्यंतचे पाहुणे इथे यायचे. काकनकोटेचा खेडा, म्हणजे रानटी हत्ती कोंडून पकडण्याचा सोहळा, 1971मध्ये शेवटचा झाला, मग धरणाच्या पाण्याने ती जागाच गिळली. 1980मध्ये कर्नाटक सरकारने नेपाळच्या ‘टायगर टॉप्स’बरोबर ‘जंगल लॉजेस’ ही कंपनी काढली, आणि जुन्या शिकारी बंगल्यांच्या आवारात पाहुण्यांची सोय झाली. तिथे मुरलेले कर्नल जॉन वेकफील्ड स्वतः एके काळचे शिकारी. ते 2010मध्ये तिथेच वारले.

इथलं बिल बघा. मुक्काम, जेवण, सफारी असा एकत्र दर, एका माणसामागे एका रात्रीचे पाच आकडी. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं, तेही लेन्सच्या लांबीनुसार. मोठी लेन्स, मोठी फी! गाड्या वनखात्याने ठरवून दिलेल्या, सफारी सरकारच्याच हातात, आणि वाघांच्या गाभाक्षेत्रात पर्यटनाला पाचव्या हिस्स्यापेक्षा जास्त जागा द्यायची नाही असा राष्ट्रीय नियम. म्हणजे इथेही कोटाच. कबिनी ज्यात येतं त्या नागरहोळेत 2022च्या गणनेत 141 वाघ होते, शिवाय काळ्या बिबट्याचे फोटो जगभर फिरले. जागा तेवढीच राहिली आणि मागणी कैक पटींनी वाढली. आफ्रिकेतल्या लिलावाचं तत्त्व इथे हातोडा न आपटता चालतं. वाघ दिसला नाही तरी पैसे परत नाहीत, हेही जुन्याच शिकारीच्या करारातलं.

परदेशी गेलं तर हाच प्रकार उघडउघड आहे. मसाई माराचं परदेशी प्रौढांचं प्रवेशशुल्क दिवसाला 80 डॉलर होतं, जुलै 2024पासून हंगामात ते 200 झालं. नवरा-बायकोने तीन दिवस काढले की नुसत्या फाटकावर लाखावर रुपये जातात. रवांडाने गोरिला बघण्याचा परवाना 2017मध्ये एका झटक्यात 750 डॉलरवरून 1,500वर नेला. वेळ मिळतो एक तास. तिथे वाढीव दराबरोबर आजूबाजूच्या गावांचा हिस्सा पाच टक्क्यांवरून दहा केला गेला, हे आपले टूरवाले सांगत नाहीत.

हिश्शाच्या बाबतीत शिकारीचा एक हिशेब मात्र मला अस्वस्थ करतो. पाकिस्तानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत मारखोर हा वळसेदार शिंगांचा बोकड राहतो. वर्षाला मोजकेच परवाने निघतात आणि लिलावात जातात. 2024मध्ये चित्रालचा एक परवाना 2 लाख 71 हजार डॉलरला गेला, सुमारे 2 कोटी 30 लाख रुपये. त्यातले 80 टक्के स्थानिक गावांना आणि 20 टक्के सरकारला, असा नियम आहे. गावाला एका म्हाताऱ्या नराचे एवढे मिळतात म्हटल्यावर बाकीच्या कळपाची राखण गावच करतं. शिकारीला माझा पाठिंबा नाही, आणि आपल्या दाट वस्तीच्या देशात ती नको असंच वाटतं. पण ऐंशी टक्क्यांचा आकडा बघितला की कबिनीच्या पाच आकडी बिलातलं किती गावात राहतं, हे विचारावंसं वाटतं.

2006मध्ये कायदा बदलून प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान उभं करण्याची तरतूद झाली, फाटकावरचा पैसा तिथे जावा आणि जंगलावर, गावांवर खर्च व्हावा म्हणून. मुक्कामाचा पैसा मात्र रिसॉर्टचा, आणि बिलाचा मोठा भाग तोच. नोव्हेंबर 2025मध्ये कबिनीजवळच्या सरगूर भागात वाघाच्या हल्ल्यांत शेतकरी दगावले, लोक रस्त्यावर आले, आणि सरकारने नागरहोळे आणि बंडीपूरच्या सफारी थांबवल्या. बंगळुरूत बुकिंग रद्द झाल्याची हळहळ ऐकू आली. शेतकऱ्यांचा राग नुसता वाघावर नव्हता, गाड्या आणि रिसॉर्टांवरही होता. पुढच्या लेखांकात ताडोबाच्या भोवतालच्या गावांत जाऊ, आणि जिप्सीचा मालक, गाइड आणि होमस्टेवाली बाई यांच्या हातात एका सफारीतले किती रुपये पडतात ते मोजू.