स्लॅबच्या घराचा धूर

आखातात कमावलेल्या पैशांतून कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत पहिल्यांदा उभे राहते ते घर. जांभ्याच्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे जुने घर पाडून त्या जागी दोन मजली स्लॅबचे घर येते. खेड, चिपळूण, महाडला बिल्डरांच्या इमारतीही अशाच. हौस रास्त आहे, कष्टाची कमाई आहे. पण अशा घराचा हवेवर पडणारा बोजा राहायला जाण्याआधीच सुरू झालेला असतो.

त्याचे मोठे कारण सिमेंट. चुनखडीचा दगड सुमारे 1450 अंशांच्या भट्टीत भाजून ते बनते. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू दगडातलाच; भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळा. जगात माणसाच्या कामांमुळे सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के मानला जातो. चिरा मात्र खाणीतून कापून काढतात, भाजावा लागत नाही. जुन्या भिंतीचे चांगले चिरे नव्या भिंतीत पुन्हा बसतात. ते भरावात टाकून नवे विटा-सिमेंट आणणे हा सरळ इसराफ आहे. वुजूच्या पाण्यात इसराफ नको असे आपण मुलांना शिकवतो, मग बांधकामात?

स्लॅब मुळीच नको असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. पावसाळ्यात कौले फिरवायला आता माणसे मिळत नाहीत. पण उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. मग एसी येतो, आणि त्याची वीज बरीचशी कोळशाचीच. गच्चीवर पांढऱ्या फरश्या किंवा दरवर्षी चुन्याचा हात, पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जा आणि जुन्या घरासारखी पडवी एवढ्यानेही फरक पडतो. पडवी नकाशातच मागावी लागते, नंतर जमत नाही.

सिमेंट कोणते वापरणार, हे ठेकेदाराला आणि बिल्डरलाही आधी विचारावे. गोणीवर प्रकार छापलेला असतो. पीपीसीमध्ये 15 ते 35 टक्के औष्णिक वीज केंद्रांतली राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यातली मळी. तेवढी चुनखडी कमी भाजावी लागते. काही ठेकेदार नाक मुरडतात, कारण या सिमेंटला ताकद हळू येते आणि सेंटरिंग जास्त दिवस अडकून पडते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचे असते, अशा मिश्र सिमेंटला किमान 10. कडक उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. कुवेतमधल्या भावाला व्हिडिओ कॉलवर स्लॅब दिसतो, पण आठव्या दिवशी त्यावर पाणी मारले की नाही, ते दिसत नाही. ते घरातल्या बायकाच पाहू शकतात.